पांढरी पडलेली अंगठी

अंगठी पांढरी पडली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले असतील. मला कळलं चहाच्या वेळी. फोर्टातल्या आमच्या लिलावघराच्या तिसऱ्या मजल्यावर एक फ्रेंच आरसा टेबलावर पालथा घातला होता. तो अडीचशे वर्षांचा आहे असं मालकाचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं हे सांगायचा मला पगार मिळतो. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर ब्राँझची, सोन्याचा मुलामा दिलेली पानं होती आणि वर मधोमध एका बाईचा चेहरा. चेहरा फार देखणा होता, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, की समोरची बाजू गिऱ्हाइकाला खूश करायला केलेली असते, वय पाहायचं तर वस्तू उलटी करा. बॅटरीवर, म्हणजे विजेने चढवलेलं सोनं सगळीकडे सारखं बसतं, कोनाकोपऱ्यात, मागे, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही. पाऱ्यात कालवून, निखाऱ्यावर धरून चढवलेलं सोनं तसं नसतं. ते हाताने लावलेलं असतं, आणि हात कंजूष असतो. मागची बाजू उघडीबोडकी राहते. फक्त कडेवरून एखादा ओघळ मागे उतरून थिजलेला असतो. तो ओघळ सापडला की मला आनंद होतो. कुणीतरी माणूस तिथं होता, त्याचा हात तिथं जरासा चुकला, हे त्यावरून कळतं. तर त्या दिवशी ओघळ शोधताना चौकटीच्या खालच्या खाचेत मोहरीएवढे चकचकीत थेंब दिसले. मी बोट घातलं. जुन्या आरशांच्या पाठीला पारा असतो आणि वर्षानुवर्षं तो खाली झिरपतो, हे मला ठाऊक आहे. तरी घातलं. नंतर कप उचलताना पाहिलं, तर अम्मीची अंगठी एका बाजूने चांदीची झाली होती.

"पारा आहे तो. काढ आधी अंगठी," शेजारच्या टेबलावरचा अश्वजित म्हणाला. तो आमच्याकडे धातूंची तपासणी करतो आणि स्वभावाने घाबरट आहे. मी हसले. "त्यात काय! गॅसवर पळीत धरली की होते पिवळी. आमच्या घरी नेहमी..." "वेडी आहेस का?" त्याने अंगठी माझ्या हातातून काढूनच घेतली. "बंद खोलीत पारा तापवतात? ती वाफ छातीत गेली की माणूस दोन-चार दिवसांत जातं, कौसर. डॉक्टरलासुद्धा न्यूमोनिया वाटतो." ओल्या हाताने बटण दाबू नको म्हणावं इतक्या साध्या आवाजात तो बोलला, अंगठी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून तिचं तोंड त्याने दाबून बंद केलं आणि तो कामाला लागला. मी कप धरून उभी राहिले. चहावर साय धरेपर्यंत उभी होते. दोन-चार दिवसांत जातं. अम्मी तिसऱ्या दिवशी गेली होती.

हे मी कधी वाचलंच नव्हतं असं म्हणून सुटता येत नाही. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पॅरिसचे मुलामेवाले म्हातारे होत नसत, त्यांचे हात कापत, दात हलत, विषाची बाधा होऊ नये म्हणून त्यातले काही जण काम करताना तोंडात सोन्याचं नाणं धरत. ते वाचताना मला घरची आठवणसुद्धा झाली होती, आणि चक्क अभिमान वाटला होता, की बघा, आमच्या नांदुऱ्यात अब्बा करायचे तेच तिकडे पॅरिसला करायचे. इतकी मी शहाणी. अब्बांच्या तोंडातही सोनं असायचं. वाटाण्याएवढा मणी, त्यांच्या उस्तादाने दिलेला. देवळांचे कळस, मोहरमचे पंजे, एखाद्या कापसाच्या जिनिंगवाल्याच्या देव्हाऱ्याची महिरप, अशा कामांना ते अंगणात बसायचे, वाऱ्याकडे पाठ करून, गालात मणी धरून, ओठ मिटून. तांबं चिंचेने आणि तेजाबाने धुऊन त्यावर सोन्या-पाऱ्याचा लगदा चोळायचा. त्या लगद्याला ते लोणी म्हणायचे. मग निखाऱ्यावर धरलं की पारा उडून जातो आणि सोनं राहतं. काम संपलं की अब्बा मणी तळहातावर काढायचे. तो पांढरा झालेला असायचा. "पाह्य बेटा, मण्यानं किती जहर पेलं," ते म्हणायचे. आणि मग तो मणी, लोणी ज्यातून पिळून गाळलं त्या फडक्यात बांधून, घरात जायचा. भट्टीची आच फार, मणीच वितळेल. चुलीची आच बरोबर. हे घरच्या बाईचं काम. लोखंडी पळीत गाठोडं ठेवायचं, फडकं जळतं, त्यात अडकलेलं सोनं मण्याला चिकटतं आणि मणी पुन्हा पिवळाधम्मक होतो. आच हलू नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. मण्याने पेलेलं सगळं आम्ही अशा रीतीने स्वयंपाकघरात सोडत होतो, भाताच्या पातेल्याशेजारी. अब्बा अंगणात, मोकळ्या वाऱ्यात होते. जहर पिणारा मणीही त्यांच्याच तोंडात होता.

मी बारा वर्षांची झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडायचं. पांढऱ्यातून पिवळं वर येताना पाहणं, त्यासारखी गंमत नाही. पुढे जुन्या सोन्याच्या नादाला मी लागले ती बहुधा त्या पळीमुळेच. पण सगळीच कामं फडकं भरून नसायची. पंजा लहान असतो, महिरप अर्धी असते, फडक्यात पारा थोडाच उरतो. सोनाळा गावच्या देवळाचा कळस मोठा होता. दोन हजार चार साल. कापसाचं नवं बियाणं आलं होतं, त्याच्या आतच अळीचं औषध आहे म्हणत, वरून फवारायचं कामच नाही, आणि पहिली दोन वर्षं झाडाला बोंडं धरली तीही डोळे फिरतील अशी. त्या आनंदात गावाने कळसाला मुलामा द्यायचं ठरवलं. अब्बांनी दिवसभर काम केलं. संध्याकाळी गाठोडं आत आलं तेव्हा मी पुस्तक घेऊन बसले होते. अम्मी म्हणाली, "राह्यू दे, तुही परीक्षा हाय. मी करतो." मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तोंडात पैसा धरल्यावानी लागून राह्यलं वं." मग ताप, मग खोकला, मग श्वास. दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. पण कळसाच्या कामाच्या आदल्याच दिवशी अम्मी कापूस वेचायला गेली होती आणि शेजारच्या शेतात जुन्या वाणावर फवारा चालू होता. अब्बांनी जे ठरवलं ते तिथं ठरवलं. इमामबीला, म्हणजे अम्मीला, फवाऱ्याने नेलं. त्यानंतर आमच्या घरची बाई कपाशीच्या शेतात गेली नाही. ते एकच वाक्य धरून अब्बा तेरा वर्षं उभे आहेत.

त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला. माझा भाऊ अनस जिनिंगमध्ये कामावर होता, त्याच्या बायकोने, गुलनाजने उचलला. तिला सातवा महिना होता. दोन पोटातच गेल्यानंतरचा हा तिसरा, त्यामुळे आम्ही सगळे तिच्याशी जरा हळू आवाजातच बोलायचो. ती मात्र आनंदात होती. "आपा, अब्बाले काम आलं! किती सालानं! सोनाळ्याचाच कळस हाय, पह्यले केला होता तोच. आता पुन्हा करून मांगून राह्यले. अब्बानं मले मणी दाखवला. म्हणले, इमामबीनंतर हे काम आता तुहं." मी म्हणाले, "गुलनाज, तू त्या कामाच्या जवळपास जाऊ नकोस." "काऊन?" तिने विचारलं. काऊन. एका शब्दाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर पलीकडे खाटेवर बसलेल्या अब्बांना ऐकू जाणार. तुमच्या बायकोला फवाऱ्याने नाही नेलं, तुमच्या पळीने नेलं, आणि पाळी माझी होती. "मी येऊन सांगते," मी म्हणाले. रजा टाकली आणि गाडीत बसले. आपण सांगायला निघालो म्हणजे सांगितल्यासारखंच, अशी माझी प्रवासभर समजूत होती.

नांदुऱ्याला उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. स्टेशनबाहेर नेहमी कापसाच्या गाड्या असायच्या, त्या दिवशी फार नव्हत्या. घरी अंगणात अब्बा, गुलनाज आणि सोनाळ्याचे हिंमतराव बसले होते. हिंमतराव देवळाचं सगळं पाहतात. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मोठ्याने. गोणपाटावर कळस ठेवला होता, कमरेएवढा, तांबं जागोजागी उघडं पडलेला. "आली काय पोरगी? बरं झालं," ते म्हणाले, आणि खिशातून एक कपाशीचं बोंड काढून माझ्या हातात दिलं. "फोड." मी फोडलं. आत कापूस तपकिरी, चिकट, आणि त्यात गुलाबी अळी. "वरून पाह्यलं त काहीच समजत नाही पोरी. बोंड हिरवंगार. बियाण्यात औषध हाय म्हणे! आता अळी आतच बसली, अन् लोक वरून फवारून राह्यले, जे भेटंल ते. आमच्या गावचे दोघं दवाखान्यात हायेत. म्हणून म्हणलं, देवाचं सोनं उतरलं हे बरं नाही. वहाबभाई, अमावस्येच्या आत पाह्यजे." अब्बांनी मान हलवली. गुडघ्यावरचा पेपर त्यांनी माझ्याकडे सरकवला. फवारणीने विषबाधा, आकडा कालच्यापेक्षा मोठा. "मी तवाच म्हणलं होतं," ते म्हणाले. "कोणी आयकलं? तुही अम्मी गेली तवाच म्हणलं होतं." त्यांचा हात कापत होता. पेपरही कापत होता. मी येते तेव्हा दर वेळी तो हात जरा जास्त कापतो आणि दर वेळी मी म्हणते, वय झालं.

अंगठीची पिशवी माझ्या पर्समध्ये होती. ती दाखवूनच सुरुवात करायची असं मी गाडीत ठरवलं होतं. जेवण झाल्यावर काढू, मग अब्बा निजून उठल्यावर काढू, मग हिंमतराव गेल्यावर. ते गेले. अब्बांनी मला जवळ बोलावलं आणि लहान मुलाने खाऊ दाखवावा तसा मणी दाखवला. "उस्ताद म्हणे, ज्याच्या तोंडात मणी, त्याच्या घरावर आच नाही," ते म्हणाले. माणसाला त्याच्या सत्तराव्या वर्षी काय सांगायचं असतं? मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला, आणि त्या रागाबरोबरच असं वाटलं की आत्ता जर मी बोलले तर यांच्याकडे काहीच उरणार नाही, ना बायकोची आठवण, ना हुन्नर. दोन्ही एकाच तोंडाने मी काढून घेणार. आणि माझ्याकडे काय उरणार? एवढी वर्षं मीही त्या फवाऱ्याच्या आडोशाला सुखात होते. परीक्षा, ती पुस्तकाची पानं, न वर केलेली मान, यांच्याकडे बघायची वेळ फवाऱ्यामुळेच माझ्यावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा सामान काढत होते तेव्हा मी कळस आडवा केला. सवयच ती. खालच्या काठाच्या आत बोट फिरवलं आणि ओघळ लागला. मग दुसरा. भिंग पर्समध्ये असतंच. दोन हजार चारचा मुलामा काठावरून आत उतरून थिजला होता, जाड, मऊ, जरा लालसर पिवळा, आणि त्यात कुंचल्याच्या एका केसाची रेघ सरळसोट ओढलेली. त्या वेळी अब्बांचा हात कापत नव्हता. मी पॅरिसची, लंडनची कामं हाताळली आहेत, राजघराण्यांचे शिक्के असलेली. पण इतकी सुरेख रेघ फार थोड्यांची. मी तिच्याकडे पाहत बसले. वय ठरवणं हा माझा धंदा, पन्नास वर्षं इकडेतिकडे झाली तरी लोक वाहवा करतात. या ओघळाचं वय मी दिवस आणि वेळ घालून सांगू शकत होते. मंगळवार, दुपार. त्यानंतर चार-पाच तासांनी ते गाठोडं घरात गेलं. अम्मी त्या वेळी अंगणात तांदूळ निवडत असणार, कारण रात्री बिर्याणी करायची होती, आणि मोठ्या कामाच्या खुशीत ती मधूनमधून गाणं म्हणत होती. त्या ओघळात ती अजून जिवंत होती. "काय पाह्यतं वं?" अब्बांनी विचारलं. "तुमचा हात," मी म्हणाले. ते इतके खूश झाले की मला पुढे बोलता आलं नाही.

दुपारभर त्यांनी काम केलं. मी गुलनाजला शेजारी बेबीताईंकडे नेऊन बसवलं, बाळाच्या दुपट्याला टाके घालायचे म्हणून. स्वतः तोंडाला ओला पदर बांधून मी अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिले. धूर दिसत नाही. त्यातलं सगळ्यात वाईट हेच. निखाऱ्यावर कळस राखाडी, मग मळकट, मग एकदम कुठून तरी पिवळा होत जातो, आणि त्याच्यावर हवा फक्त जराशी थरथरते. अब्बांचा हात कापायचा, ते डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. ओघळ खूप झाले, वेडेवाकडे. शंभर वर्षांनी माझ्यासारखी कुणी हा कळस उलटा करील तेव्हा म्हणेल, हा कारागीर आजारी होता. संध्याकाळी त्यांनी गालातून मणी काढला. पांढरा, अगदी खडूसारखा. फडक्यात गाठ मारून त्यांनी तो शेजारून परतलेल्या गुलनाजच्या हातात द्यायला पुढे केला आणि मी मध्येच हात घातला. "मला द्या. हे मी करते. पहिल्यापासून माझंच काम आहे." गुलनाजचा चेहरा पडला. "आज थकले आहे," मी म्हणाले, "उद्या करते. तोवर कुणी हात लावू नका." अब्बा हसले. "करू दे तिले. तिच्या अम्मीची आठवण हाय त्यात." गाठोडं मी स्वयंपाकघराच्या फळीवर, मागे, डब्यांच्या आड ठेवलं. शेजारी अंगठीची पिशवी ठेवली. उद्या सकाळी चहा झाला की दोन्ही वस्तू घेऊन अंगणात बसायचं, अब्बांना समोर बसवायचं आणि सांगायचं. आज त्यांच्या कामाचा दिवस होता, तेवढा त्यांना असू दे. कितीतरी वर्षांनी त्यांनी मुलामा दिला होता. मला वाटलं, मी फार विचारीपणाने वागते आहे.

जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. उशीर झाला होता, ऊन दारातून खाटेपर्यंत आलं होतं. अनस कामावर गेला होता. अब्बा अंगणात कळसाला चकाकी यावी म्हणून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत होते, त्याचा एकसारखा किर्र आवाज येत होता. मला बरं वाटत होतं. आता सांगायचं, या विचाराने कधी नाही ते हलकं वाटत होतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. ते उघडून गुलनाज बाहेर आली, एका हातात चहाचा कप, दुसरी मूठ मिटलेली. चेहऱ्यावर चोरटं हसू. "आपा, रागवू नोका हं. तुमी गाडीनं थकून आल्या, झोपल्या होत्या लहान लेकरावानी. म्हणलं, काऊन उठवू? मीच करून टाकलं." तिने मूठ उघडली. मणी. पिवळाधम्मक. "अन् तुमची ती अंगठीबी पांढरी पडली होती, अम्मीची. पिशवीत दिसली. तीबी केली साफ. पाहा ना, कशी झाली."

मी अंगठी हातात घेतली की तिने ठेवली, आठवत नाही. ती अजून गरम होती. मी गुलनाजच्या मागे पाहिलं. खिडकी लावलेली, वर कडी घातलेली, शेगडीजवळ काळी पळी. "खिडकी..." मी म्हणाले. "हाव, आच हालत होती ना. अब्बानं सांगतलं होतं." मी तिचा दंड धरून तिला ओढतच अंगणात आणलं, भिंतीशी उघड्यावर बसवलं, परत धावत जाऊन श्वास कोंडून खिडकी ढकलली. बाहेर आले तेव्हा अब्बांनी घोटणं थांबवलं होतं. "काय झालं? काऊन असं करतं?" ते विचारत होते. गुलनाज माझ्याकडे पाहून अजून हसत होती, आपली नणंद जरा वेडी आहे असं तिला वाटत असणार. तिने चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला.

"चहात काय पडलं कोन जाणे. तोंडात पैसा धरल्यावानी लागून राह्यलं."

अब्बांच्या हातातला दगड कळसावर आपटला. तिथं सोन्यावर लांब चरा पडला, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते गुलनाजकडे पाहत होते. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले, माझ्या हातातल्या अंगठीकडे, मण्याकडे, उघड्या खिडकीकडे. ते एकेक वस्तू अगदी सावकाश पाहत होते. मी वस्तू उलटी करते तेव्हा अशीच पाहते. "इमामबी असंच बोलली होती," ते म्हणाले. "पानी पेली अन् असंच बोलली होती."

"हो अब्बा," मी म्हणाले. "अम्मीला फवाऱ्यानं नाही नेलं."

एवढंच बोलायचं होतं. चार शब्द, आणि ते मी मुंबईहून आणून दोन दिवस पर्समध्ये ठेवले होते. बेबीताईंचा मुलगा रिक्षा काढायला पळाला. गुलनाज म्हणत होती, अवो काय झालं, मले काहीच झालं नाही, आणि बोलता बोलता तिला पहिला ठसका आला. तिने एक हात पोटावर ठेवला. रिक्षा येईपर्यंत मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, आणि कधी घातली कुणास ठाऊक, माझ्या बोटातली अंगठी उन्हात नव्यासारखी पिवळी दिसत होती.